सुट्ट्यांचा सीझन, व्हायरसची साथ आणि प्रवासाचे नियम: काय ठरवायचं आणि कधी

बातमी येते ती नेमकी तिकीटं काढून झाल्यावर. कुठेतरी नवीन व्हायरस, नाहीतर जुन्याचाच नवा अवतार, दोन दिवसांत कुठलातरी देश विमानं बंद करतो, तिसऱ्या दिवशी फॅमिली ग्रुपवर फॉरवर्डचा पाऊस आणि चौथ्या दिवशी घरात वाद, जायचं की नाही. आणि त्या वादात खरी माहिती कोणाकडेच नसते, एकाचे पैसे अडकलेले असतात, दुसऱ्याला भीती वाटत असते आणि तिसऱ्याला आजी वर्षभर वाट बघतेय याचंच वाईट वाटत असतं. माझं सरळ मत आहे की असले निर्णय बुकिंग करतानाच घेऊन ठेवावेत, तारखांसकट, लिहून, कारण ऐन वेळी कोणाचंच डोकं ठिकाणावर राहत नाही. खालचं सगळं त्याच हिशोबाने लिहिलंय.

वेळ किती कमी मिळतो ते आधी बघा

लोकांना वाटतं काही झालं तर कळेलच की, आठवडाभर तरी मिळेल. नाही मिळत. कोविड सुरू झाला ते चीनमधलं वुहान शहर बंद झालं २३ जानेवारी २०२० ला सकाळी १० वाजता आणि त्याची घोषणा झाली त्याच रात्री २ च्या सुमारास, म्हणजे हातात आठेक तास, आणि चिनी नववर्ष होतं २५ तारखेला. तोपर्यंत सुमारे ५० लाख लोक शहराबाहेर पडून गेले होते असं तिथल्या महापौरांनीच नंतर सांगितलं.

पुढच्याच डिसेंबरमध्ये ब्रिटनमध्ये कोविडचा नवा अवतार, अल्फा व्हेरियंट, वाढला तेव्हा फ्रान्सने २० डिसेंबर २०२० च्या रात्री ब्रिटनहून येणारी वाहतूक थांबवली. दोन दिवसांनी निगेटिव्ह टेस्ट दाखवणाऱ्यांसाठी रस्ता उघडला खरा, पण तोवर हजारो ट्रकचालक इंग्लंडच्या केंट भागात अडकून पडले होते आणि कित्येकांचा ख्रिसमस ट्रकच्या केबिनमध्येच गेला.

आणि ओमायक्रॉन, कोविडचाच पुढचा अवतार, तर यातलं सगळ्यात बोलकं उदाहरण आहे. दक्षिण आफ्रिकेने २४ नोव्हेंबर २०२१ ला जागतिक आरोग्य संघटनेला कळवलं, २६ ला त्याला नाव मिळालं आणि त्याच दिवशी तिकडून निघालेली दोन विमानं अॅमस्टरडॅमला उतरली ती थेट नव्या नियमांत. निघताना सगळं चालत होतं, उतरेपर्यंत नियम बदलले. सहाशेच्या वर प्रवासी तासनतास विमानात आणि मग टेस्टच्या रांगेत बसून होते, त्यातले ६१ पॉझिटिव्ह निघाले. म्हणजे कागदपत्रं चोख असणारा माणूससुद्धा अडकू शकतो, हे गृहीत धरूनच प्लॅन करायचा.

आता उलटी बाजू पण बघा. ब्रिटनने त्यावेळी आफ्रिकेतले ११ देश रेड लिस्टमध्ये, म्हणजे जिथून येणाऱ्यांवर कडक बंधनं अशा देशांच्या यादीत, टाकले आणि १५ डिसेंबरला सगळी लिस्ट रिकामी केली कारण ओमायक्रॉन तोवर घरात शिरलेला होता. अमेरिकेने ८ देशांवरची बंदी २९ नोव्हेंबरला लावली आणि ३१ डिसेंबरला काढली. म्हणजे बंदी फटकन येते, महिनाभरात कधी कधी जातेही, पण तुमची सुट्टी बरोबर त्या मधल्या महिन्यात असते. आंतरराष्ट्रीय आरोग्य नियमावलीप्रमाणे देशांनी प्रवाशांना अडवणारं असं मोठं पाऊल उचललं तर ४८ तासांत जागतिक आरोग्य संघटनेला कारणासकट कळवायचं असतं, पण आधी परवानगी घ्यायची नसते, त्यामुळे संघटना बंदी नको म्हणते आणि देश लावून मोकळे होतात. यात तुम्ही काही करू शकत नाही. बुकिंगमध्ये मात्र बरंच करू शकता.

बुकिंग करतानाचे नियम

सगळ्यात स्वस्त तिकीट साथीच्या काळात बहुतेक वेळा सगळ्यात महाग पडतं. रिफंड न मिळणारं भाडं आणि रिफंड मिळणारं भाडं यातला फरक हा एक प्रकारचा विमाच समजायचा आणि तसंच बघून ठरवायचं की तो भरायचा का. हॉटेलमध्ये बघायची गोष्ट एकच, फुकट कॅन्सल करायची शेवटची तारीख कोणती, आणि ती तारीख कुठल्या देशाच्या वेळेप्रमाणे. ती तारीख कॅलेंडरमध्ये टाका, दोन दिवस आधीचा अलार्म लावून. हे ऐकायला किरकोळ वाटतं पण लोकांचे सगळ्यात जास्त पैसे इथेच जातात, नियम माहीत नसल्यामुळे नाही तर तारीख निघून गेल्यामुळे.

सगळा प्रवास शक्यतो एकाच बुकिंगमध्ये ठेवा. दोन वेगळ्या कंपन्यांची वेगळी तिकीटं काढली आणि पहिलं विमान रद्द झालं तर दुसरी कंपनी म्हणणार तुम्ही आलाच नाहीत, नो शो, पैसे बुडाले. एकाच तिकीटावर असेल तर पुढे पोचवायची जबाबदारी त्यांची असते.

आता एक गोष्ट जी बरेच जण घाबरून उलटी करतात. विमान रद्द होणार असं दिसत असलं तरी स्वतःहून घाईने कॅन्सल करू नका. तुम्ही कॅन्सल केलं तर तुमच्या तिकीटाच्या अटी लागू होतात, कंपनीने केलं तर कंपनीची जबाबदारी लागू होते, आणि या दोन्हीत जमीन अस्मानाचा फरक आहे. युरोपियन युनियनच्या नियमात कंपनीने फ्लाइट रद्द केली की प्रवाशाला रिफंड किंवा दुसऱ्या मार्गाने प्रवास यातलं एक निवडता येतं, आणि साथीमुळे रद्द झाली म्हणून रिफंडशिवायची वेगळी नुकसानभरपाई नाही मिळाली तरी रिफंडचा हक्क जात नाही. व्हाउचर तुम्ही मान्य केलं तरच. अमेरिकेत पण कंपनीने रद्द केलेल्या फ्लाइटचे पैसे परत द्यावे लागतात. त्यामुळे ईमेलमध्ये मोठं हिरवं बटण असतं ना, व्हाउचर घ्या वालं, ते दाबायच्या आधी खाली बारीक अक्षरात रिफंड कुठे लपवलाय ते शोधा. पण हो, हॉटेलची फुकट कॅन्सल करायची तारीख जवळ आली असेल तर तिथे मात्र वाट बघत बसू नका, तिथला हिशोब वेगळा आहे.

पैसे क्रेडिट कार्डने भरलेले बरे, कंपनीने सेवा दिली नाही आणि रिफंडही देत नसेल तर बँकेकडे वाद घालायची सोय राहते. आणि तिसऱ्याच कुठल्या वेबसाइटवरून शंभर दोनशे वाचवायला बुकिंग केलं असेल तर एअरलाइन म्हणते वेबसाइटला विचारा, वेबसाइट म्हणते एअरलाइनला विचारा, मग तुम्ही बसा मधल्या मधे फोनवर गाणी ऐकत.

इन्शुरन्सबद्दल थोडं जास्तच बोलतो

कारण इथे गैरसमज फार आहेत. ट्रॅव्हल इन्शुरन्स घेतला म्हणजे काहीही झालं तरी पैसे परत, असं नसतं. साथ जाहीर झाल्यानंतर, बातम्यांत आल्यानंतर घेतलेली पॉलिसी त्या साथीमुळे रद्द केलेल्या ट्रिपचे पैसे सहसा देत नाही, कारण कंपनीच्या दृष्टीने ती आधीच माहीत असलेली घटना झाली. म्हणून पॉलिसी घ्यायची तर पहिलं बुकिंग केलं त्याच दिवशी, बातमी बघून नाही. दुसरं, भीती वाटते म्हणून गेलो नाही हे कारण साध्या पॉलिसीत बसत नाही. तुम्ही स्वतः आजारी पडलात आणि डॉक्टरांनी लिहून दिलं तर बसू शकतं. तिसरं, तुमच्याच सरकारने तिकडे जाऊ नका असं सांगितलेलं असताना तुम्ही गेलात तर बऱ्याच पॉलिसी तिथेच संपतात, अगदी पाय मोडला तरी. चौथं म्हणजे क्वारंटाइनचा खर्च, हॉटेलमध्ये दहा दिवस कोंडलं तर त्याचे पैसे मिळणार का हे वेगळं कलम असतं आणि नसलं तर नसतंच.

कुठल्याही कारणाने कॅन्सल करता येणारं कव्हर पण मिळतं, मुख्यतः अमेरिकेत, पण त्यात साधारण ५० ते ७५ टक्केच परत मिळतात, पहिलं पेमेंट केल्यापासून बहुतेक २ ते ३ आठवड्यांच्या आत घ्यावं लागतं आणि निघायच्या ४८ तास आधीपर्यंत कॅन्सल केलं तरच. ट्रिप मोठी असेल आणि घरात वयस्कर माणूस असेल तर मला ते पटतं, वीकेंडच्या ट्रिपला नाही.

पॉलिसीची फाइल उघडून त्यात एपिडेमिक, पॅन्डेमिक, क्वारंटाइन आणि अॅडव्हायझरी हे चार शब्द सर्च करा, जिथे जिथे येतात तेवढंच नीट वाचा. पन्नास पानं कोणी वाचत नाही, पण एवढं दहा मिनिटांत होतं.

प्रवेशाचे नियम वाचायचे कसे

नियम वाचायचे ते त्या देशाच्या सरकारी साइटवर आणि दुसऱ्यांदा एअरलाइनच्या पानावर, कारण विमानात चढू द्यायचं की नाही हे काउंटरवरचा माणूस ठरवतो आणि तो त्याच्या स्क्रीनवरचं बघतो, तुमच्या मोबाइलमधलं नाही. ओळखीच्याचा ओळखीचा मागच्या महिन्यात गेला होता ही माहिती शून्य किमतीची आहे. मागचा महिना म्हणजे साथीत जुना काळ झाला.

जिथे विमान बदलायचं तो देश विसरू नका. तुम्ही एअरपोर्टच्या बाहेर पडणार नसलात तरी ट्रान्झिटचे नियम असतात आणि बंदी बऱ्याचदा तुम्ही कुठून आलात यावर नसते तर मागच्या १० किंवा १४ दिवसांत कुठे होतात यावर असते, म्हणजे वाटेतला दोन दिवसांचा स्टॉपओव्हर सगळी ट्रिप घालवू शकतो. परतीचे नियम वेगळे वाचा. जाताना टेस्ट लागत नाही पण येताना लागते असं कितीदा तरी झालंय.

टेस्टच्या वेळेचं गणित नीट करा. ७२ तासांची टेस्ट म्हणजे कशापासून ७२ तास? काही ठिकाणी विमान सुटायच्या आधी, काही ठिकाणी पोचायच्या आधी, कुठे सॅम्पल दिल्यापासून धरतात तर कुठे रिपोर्ट आल्यापासून. अमेरिकेने तर तास न धरता दिवसच मोजायला लावले, ६ डिसेंबर २०२१ पासून निघायच्या आदल्या दिवसापर्यंतची टेस्ट, त्याआधी लस घेतलेल्यांना ३ दिवस चालत होते. लांबच्या प्रवासात फ्लाइट सहा तास लेट झाली की ७२ चे ७८ होतात हे पण धरा. मी असल्या वेळी कागदावर उलटं मोजतो, उतरायच्या वेळेपासून मागे, त्या देशाच्या घड्याळाने. सुट्टीच्या दिवसांत लॅब बंद असतात किंवा रिपोर्ट उशिरा देतात, म्हणून लॅबला आधी फोन करून विचारा, आणि रिपोर्टवरचं नाव पासपोर्टसारखंच आहे ना, पासपोर्ट नंबर आणि सॅम्पलची वेळ आहे ना हे तिथल्या तिथेच बघून घ्या.

लसीच्या सर्टिफिकेटलाही वेळेचं गणित असतं. पिवळ्या तापाची लस काही देशांत जायला सक्तीची आहे आणि ते सर्टिफिकेट लस घेतल्यापासून १० दिवसांनी वैध होतं. निघायच्या आदल्या दिवशी घेतली तर काउंटरवर उपयोग नाही. एकदा घेतली की मात्र ११ जुलै २०१६ पासून ते आयुष्यभर चालतं, जुन्या कार्डवर १० वर्षं लिहिलेलं असलं तरी.

सगळ्या कागदांचे फोटो मोबाइलमध्ये, इंटरनेट नसतानाही उघडतील असे, आणि एक प्रिंट. मोबाइलची बॅटरी काउंटरवरच संपते हा निसर्गनियम आहे.

आता ती कागदावरची रेषा

बुकिंग झालं की त्याच आठवड्यात घरच्यांनी एकदा बसून ठरवायचं की कशात काय झालं तर आपण जायचं नाही. अर्धा तास लागतो. आमच्याकडे साधारण असं लिहिलेलं असतं: कोणालाही ताप आला तर तो माणूस जाणार नाही आणि त्याच्याबरोबर कोण थांबेल त्याचं नाव आत्ताच, पोचल्यावर क्वारंटाइन सक्तीचं झालं आणि ते ट्रिपच्या एक तृतीयांश दिवसांपेक्षा जास्त असेल तर कॅन्सल, तिथल्या हॉस्पिटलांवर ताण आलाय अशी अधिकृत बातमी आली तर कॅन्सल, मग आपण कितीही ठणठणीत असू, कारण तिकडे साधा अपघात झाला तरी बेड लागतो. आणि शेवटचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा, परत येताना दहा दिवस जास्त अडकलो तर चालेल का? पैसे आहेत का, ऑफिस सोडेल का, औषधं पुरतील का, घरी मागे कोणी आपल्यावर अवलंबून आहे का. याचं उत्तर नाही असेल तर साथ चालू असताना देशाबाहेर जाऊच नये, देशातल्या देशात फिरावं, जिथून गाडीने परत येता येईल.

आणि ठरवणार कोण तेही लिहा. एकच माणूस. दहा जणांच्या ग्रुपवर मतदान घेतलं की निर्णय फुकट कॅन्सलची तारीख गेल्यावरच होतो, हे ठरलेलं आहे.

शरीराचं वेळापत्रक

लस घेतली आणि संध्याकाळी विमानात बसलो याला अर्थ नाही. फ्लूच्या लसीला असर यायला साधारण २ आठवडे लागतात, म्हणून निघायच्या तारखेतून किमान दोन आठवडे वजा करा. गोवराचं बघा, दोन डोस झालेत का याची नोंद शोधा, कारण गोवराचा व्हायरस रोगी माणूस खोलीतून गेल्यावरही २ तासांपर्यंत हवेत राहू शकतो आणि एअरपोर्टसारखी जागा त्याला सोयीची. लहान बाळ बरोबर असेल तर डॉक्टरांना आधी विचारा, परदेश प्रवासासाठी ६ महिन्यांनंतर लवकरचा डोस देतात. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला मात्र फ्लूची लस देता येत नाही, त्यामुळे त्याच्या आजूबाजूच्यांनी घ्यायची.

कुठला आजार किती दिवसांनी दिसतो हे माहीत असलं की प्लॅन सोपा होतो. फ्लू साधारण १ ते ४ दिवसांत, नोरोव्हायरस म्हणजे तो उलट्या जुलाबवाला १२ ते ४८ तासांत, गोवराला मात्र पुरळ उठेपर्यंत दोन आठवडे लागू शकतात आणि पुरळाच्या ४ दिवस आधीपासूनच तो पसरत असतो. फ्लूवाला माणूसही लक्षणं दिसायच्या साधारण एक दिवस आधीपासून पसरवतो. म्हणूनच एअरपोर्टवरचे ते ताप मोजणारे कॅमेरे बऱ्याच जणांना पकडूच शकत नाहीत, ज्याला अजून ताप आलेला नाही तो हसत हसत पुढे जातो. आपल्या कामाचं एवढंच की निघायच्या आधीचे ५ दिवस जपायचे, ऑफिसची पार्टी, खच्चून भरलेला मॉल, लग्नाचा हॉल हे त्या पाच दिवसांत टाळलं तर प्रवासात आजारी पडायची शक्यता बरीच कमी होते.

घरी करायच्या कोविडच्या अँटिजेन टेस्टचं एक लक्षात ठेवा, सुरुवातीला निगेटिव्ह दाखवू शकते. लक्षणं असतील तर ४८ तासांनी परत करा, नसतील आणि संपर्क आला असेल तर ४८ तासांच्या अंतराने तीनदा. एकच निगेटिव्ह पट्टी दाखवून सगळ्यांना मिठ्या मारत फिरायचं नाही.

बॅग

रोजची औषधं ट्रिपच्या दिवसांपेक्षा किमान दोन आठवडे जास्तीची, मूळ पाकिटात, हातातल्या बॅगेत. डॉक्टरांच्या चिठ्ठीवर औषधाचं जेनेरिक नाव, म्हणजे आतल्या मूळ घटकाचं नाव हवं, ब्रँडचं नाव दुसऱ्या देशात कोणाला कळत नाही. काही साधी वाटणारी औषधं काही देशांत चालत नाहीत, उदाहरणार्थ सर्दीच्या गोळ्यांमधलं स्यूडोएफेड्रिन जपानमध्ये ठरावीक प्रमाणापेक्षा जास्त असेल तर नेता येत नाही, तेव्हा बघून घ्या. थर्मामीटर, ओआरएस, पॅरासिटामॉल, काही टेस्ट किट, एन९५ मास्क. मुलांना व्हायरल तापात अॅस्पिरिन द्यायची नाही, राय सिंड्रोमचा, म्हणजे मेंदू आणि यकृतावर परिणाम करणाऱ्या आजाराचा धोका असतो, दुर्मिळ आहे पण गंभीर. सॅनिटायझर घ्या पण त्यावर विसंबू नका, नोरोव्हायरसवर अल्कोहोलचं सॅनिटायझर नीट चालत नाही, तिथे साबण आणि पाणीच.

प्रत्यक्ष प्रवासात

विमान हवेत असताना आतली हवा लोकांना वाटते तेवढी वाईट नसते. बऱ्याच मोठ्या विमानांत हेपा फिल्टर असतात, ०.३ मायक्रॉनचे ९९.९७ टक्के कण अडवणारे, आणि तासाला २० ते ३० वेळा हवा बदलते. तरी शेजारचा खोकत असेल तर खोकतच असतो, फिल्टरपर्यंत जायच्या आधी ते तुमच्यापर्यंत येतं. पण खरा धोका आधी आणि नंतर, चेक इनची रांग, सिक्युरिटी, एअरपोर्टची ती कोंबलेली बस, आणि विमान जमिनीवर उभं असताना जेव्हा हवेची यंत्रणा पूर्ण चालू नसते तेव्हा. म्हणून सगळा वेळ मास्क घालणं जमत नसेल तर निदान या वेळांना घाला. जेवायचं तर शेजाऱ्यांचं खाऊन झाल्यावर खा, सगळ्यांचे मास्क एकदम खाली असतात ती वेळ टाळायची. डोक्यावरचं ते हवेचं बटण उघडं ठेवा. ट्रेन किंवा बसमध्ये खिडकी उघडत असेल तर ती उघडी ठेवा.

क्रूझबद्दल माझं मत कडक आहे, साथ चालू असताना जाऊ नये. फेब्रुवारी २०२० मध्ये योकोहामाला डायमंड प्रिन्सेस जहाज अडकलं तेव्हा त्यावर ३,७११ माणसं होती आणि ७०० च्या वर जणांना लागण झाली. आणि साथ नसतानाही नोरोव्हायरसला जहाज फार आवडतं.

हॉटेलमध्ये खोली मिळाल्यावर पहिलं काम खिडकी उघडते का बघणं. हाँगकाँगला नोव्हेंबर २०२१ मध्ये क्वारंटाइन हॉटेलात समोरासमोरच्या खोल्यांतले दोन जण, एकमेकांना कधी भेटले नाहीत, दारं उघडायची ती जेवण घ्यायला आणि टेस्टला, तरी एकाचा ओमायक्रॉन दुसऱ्याला गेला. कॉरिडॉरच्या हवेतूनच गेला असणार असं तपासणाऱ्यांनी म्हटलं. हात धुणं चांगलंच, पण श्वसनाच्या व्हायरससाठी हवा बदलणं जास्त महत्त्वाचं आहे आणि लोक करतात उलटं, टेबलं पुसत बसतात आणि खिडक्या बंद.

पाहुणे येणार असतील तर

जाणाऱ्यांबद्दल सगळे बोलतात, ज्यांच्या घरी वीस माणसं येणार त्यांचं काय. तर आठवडाभर आधी सगळ्यांना एकच साधा मेसेज टाका, की कोणाला ताप, खोकला, उलट्या काहीही असेल तर येऊ नका, कोणी वाईट वाटून घेणार नाही, नंतर वेगळं भेटू. हा मेसेज घरातल्या सगळ्यात मानाच्या माणसाने टाकला तर लोक ऐकतात, सुनेने टाकला तर चर्चा होते, आहे हे असं आहे. घरात केमो चालू असलेलं कोणी असेल किंवा नवजात बाळ असेल तर तेही स्पष्ट लिहा, लोकांना कारण कळलं की ते सांभाळून वागतात.

कोणीतरी आजारी पडलंच तर एक खोली, जमलं तर एक बाथरूम त्याला, आणि देखभाल करणारा एकच माणूस, तरुण आणि लस घेतलेला. फ्लू वाटत असेल आणि आजारी पडणारा वयस्कर किंवा आधीचा आजार असलेला असेल तर दोन दिवस बघू म्हणून थांबू नका, फ्लूवरचं ओसेल्टामिव्हिर पहिल्या ४८ तासांत सुरू केलं तर जास्त उपयोगी पडतं आणि कोविडच्या गोळ्या ५ दिवसांच्या आत सुरू कराव्या लागतात. सुट्टीत दवाखाने बंद असतात म्हणून कुठला डॉक्टर फोनवर मिळेल हे आधीच विचारून ठेवा. श्वास घ्यायला त्रास, ओठ निळसर, गोंधळल्यासारखं बोलणं, बाळाने कितीतरी तास लघवी न करणं, यातलं काहीही दिसलं तर फोन नाही, सरळ हॉस्पिटल.

उलट्या जुलाब असतील तर स्वयंपाकघरापासून त्या माणसाला लांब ठेवा, बरं वाटल्यानंतरही निदान २ दिवस, कारण बरं वाटल्यावरही व्हायरस बाहेर पडतच असतो. उलटी पुसायला ग्लोव्ह आणि मास्क, मग १ लिटर पाण्यात ५ टक्क्यांच्या आसपासचं ब्लीच २० ते १०० मिली घालून ती जागा ओली करून निदान ५ मिनिटं तशीच ठेवा. ब्लीच दुसऱ्या कुठल्याही क्लीनरमध्ये मिसळायचं नाही, अॅसिडमध्ये तर अजिबातच नाही, विषारी वायू होतो. फ्लश करताना कमोडचं झाकण बंद.

तिकडे अडकलात तर

पहिल्या तासात करायच्या गोष्टी अशा. एअरलाइनच्या रांगेत उभं राहायचं, पण रांगेत उभं असतानाच त्यांच्या अॅपमध्ये आणि फोनवरही प्रयत्न करायचा, जे आधी लागेल ते. फोनवर शक्य असेल तर दुसऱ्या देशातल्या त्यांच्या ऑफिसचा नंबर लावा, तिथे रांग कमी असते. राहायची सोय तिथल्या तिथे वाढवून घ्या कारण संध्याकाळपर्यंत खोल्या संपतात. मग स्वतःच्या वकिलातीच्या साइटवर नाव नोंदवा, खास विमानं वगैरे निघाली तर यादी तिथून बनते. इन्शुरन्सवाल्यांना खर्च करायच्या आधी कळवा, नंतर नाही, कित्येक पॉलिसीत आधी कळवणं ही अटच असते.

व्हिसाची तारीख बघा. विमानं बंद होती म्हणून जास्त राहिलो हे कारण सगळीकडे आपोआप मान्य होत नाही, संपायच्या आधी अर्ज करायचा आणि अर्ज केल्याची पावती जपून ठेवायची. एअरलाइनकडून फ्लाइट रद्द झाल्याचं लेखी मागा, ईमेल चालेल, हाच कागद पुढे इन्शुरन्सला, व्हिसाला आणि ऑफिसला लागतो. सगळ्या बिलांचे फोटो त्याच दिवशी काढा, थर्मल कागदावरची बिलं घरी पोचेपर्यंत पांढरी होतात.

टेस्ट पॉझिटिव्ह आली तर त्या देशाचा नियम काय, किती दिवस, कुठे राहायचं, बाहेर पडायला दुसरी टेस्ट लागते की दिवस मोजून सोडतात हे लेखी विचारा. पीसीआर, म्हणजे ती लॅबमधली टेस्ट, कोविड बरा झाल्यावरही कित्येक आठवडे पॉझिटिव्ह येऊ शकते, म्हणून काही देश पॉझिटिव्ह रिपोर्ट आणि बरा झाल्याचं डॉक्टरचं पत्र एकत्र चालवून घ्यायचे, तसा पर्याय आहे का ते विचारा नाहीतर रोज टेस्ट करत आणि रोज पैसे भरत बसाल. बरोबरच्यांपैकी जे निगेटिव्ह आहेत त्यांनी मागे थांबायचं की पुढे जायचं हे निघायच्या आधीच्या त्या कागदावर लिहिलेलं असेल तर उत्तम, नसेल तर मुलं आणि वयस्कर माणसं आधी घरी पोचवायची आणि एक धडधाकट मोठा माणूस आजारी माणसाबरोबर थांबवायचा, वेगळ्या खोलीत.